नारबोदीची वाट

…तर सराटा, म्हणजे ढवळायचं लांब लोखंडी उलथनं, धनवंताच्या हातात तसाच होता, खिचडी चिकटलेला, वाफाळलेला, आणि ती शाळेच्या स्वयंपाकखोलीतून हायवेकडे धावत सुटली होती. काल इथंच जेवायची हाक आली आणि गोष्ट अर्ध्या रस्त्यात राहिली. आता पुढचं.

हायवेवर ट्रक तिरपा उभा. रायपूरकडून आलेला, लोखंडी सळया भरलेला. ड्रायव्हरला लोकांनी केबिनमधून केसाला धरून खाली ओढलं होतं आणि ढाब्यावरचे, पानठेल्यावरचे, नुसतेच मोटारसायकल थांबवून उतरलेले असे दहा-पंधरा जण त्याला तुडवत होते. त्याचं नाक फुटलं होतं, एक दात ओठातून आरपार बाहेर आला होता, आणि तो हात जोडून आपल्या छत्तीसगढी बोलीत विनवत होता, "मोला झन मारव ददा, झन मारव." ज्यांना ती बोली कळत होती तेही मारत होते.

रस्त्याच्या कडेला खुशी पडलेली. चौथीतली पोरगी, टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या, बकाराम मेंढ्याची. डावं पाऊल चाकाखाली गेलं होतं. पाऊल म्हणावं असं तिथं काही उरलं नव्हतं. पायातली चप्पल मात्र बाजूला धड पडली होती, जणू पोरगी ती काढून खेळायला गेली असावी. बकाराम तिच्याजवळ बसून नुसता तोंड उघडायचा आणि मिटायचा.

धनवंतानं सराटा दातात धरला. लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, पोरीच्या पिंडरीला असा करकचून बांधला की ती बेशुद्धीतही ओरडली. मग एका जीपवाल्याला बाहीला धरून आणलं, पोरीला आणि बापाला आत कोंबलं, दार आपटलं. एवढं झाल्यावर तिनं दातातला सराटा हातात घेतला आणि वळली.

पहिला तडाखा पानठेलेवाल्याच्या पाठीत. दुसरा एकाच्या कोपरावर. त्याचा हात पुढं कितीतरी दिवस चहाचा कप धरताना थरथरायचा म्हणतात. तिसरा कुणाला बसला ते कुणी कबूल करत नाही, पण एक गृहस्थ तिथून वाकून चालत गेला ते सगळ्यांनी पाहिलं. घोळका फाटला. ड्रायव्हर ट्रकच्या चाकाला पाठ लावून बसला, आणि धनवंता त्याच्यासमोर सराटा घेऊन उभी.

"मारायचंच हाये न?" ती म्हणाली. "मंग चाला माह्या संगं. ज्यानं भित बांधली त्याले मारू. हा तं आपल्या रस्त्यानं जाऊन राहिला होता. पोट्टी रस्त्यावर कायले आली होती? बोला न. आता काऊन तोंड शिवले?"

शाळेमागची वाट बुजवणारी ती भिंत कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. भिंत भुवनेश्वर टेंभऱ्याची. नगर पंचायतीचा बांधकाम सभापती, आणि धनवंताचा सख्खा देर, नवऱ्याचा धाकटा भाऊ.

आता ही धनवंता मुळात काय चीज आहे, ते कळल्याशिवाय पुढच्या गोष्टीला चव नाही. तिचं माहेर कामठ्याचं. तिसरीत असताना टिकेश नावाच्या पोरानं तिची पाटी विहिरीत टाकली. पाटी नवी, बापानं गोंदियाच्या बाजारातून आणलेली. धनवंतानं आधी त्याला नीट विचारलं, "काऊन टाकली गा?" तो हसला. हसला नसता तर कान वाचला असता. कानाचा वरचा तुकडा तिच्या दातात आला आणि टिकेश विहिरीभोवती गोल गोल पळत सुटला. गुरुजींनी चिंचेच्या ओल्या फोकानं तिला बडवलं. फोक मोडला. दुसरा आणला. पाठीवर वळ उठले, परकराला रक्त लागलं, पण डोळ्यांत पाणी नाही. गुरुजीच दमले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, मारा तुमी. पन पाटी विहिरीतून कोन काढते, ते सांगा."

गुरुजींना माणूस उतरवून पाटी काढावी लागली. तिच्या स्वभावाची सगळी गोम इथंच आहे. ती आधी विचारते, मग मारते, मार खाते, आणि हे सगळं उरकलं की पुन्हा जिथून सुरुवात झाली होती तिथंच येऊन उभी राहते. मारामारीत मुद्दा विसरणारी माणसं जगात पुष्कळ. ही विसरत नाही. टिकेश आता नातवंडांचा आजा झाला आहे. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या यात्रेत समोर आला की टोपी कानावर ओढतो आणि म्हणतो, "बाई, एक राहिला हाये, तेवढा राहू दे." ती त्याला प्रसादाचा नारळ देते.

लग्न होऊन ती बेहडगावात टेंभऱ्यांची थोरली सून झाली. सडक अर्जुनी सोडून हायवेनं पुढं आलं की हे गाव लागतं. आधी खेडं होतं, आता नगर पंचायत आली म्हणून स्वतःला शहर म्हणवतं. नवरा लक्ष्मीचंद इतका शांत की बैलाला हाकतानाही "चला आता" म्हणायचा. एका वर्षी धान निसवायला आलं असताना रानडुक्कर बांधावर आलं आणि त्यानं लक्ष्मीचंदची मांडी गुडघ्यापासून कमरेपर्यंत उकलली. धनवंता पलीकडच्या धानाच्या बांधीत होती, हातात विळा. तिनं विळा डुकराच्या मानेत मुठीपर्यंत घातला. डुक्कर विळा घेऊनच रानात गेलं आणि लक्ष्मीचंद गोंदियाच्या दवाखान्यातून पांढऱ्या चादरीखाली आडवा घरी आला. त्यानंतर तिनं शाळेतल्या खिचडीचं काम धरलं. शेती होती, पोटाला कमी नव्हतं. पण घरात एकटं बसलं की तो बांध डोळ्यांसमोर येतो, असं ती एकदा म्हणाली होती. एकदाच.

शाळासुद्धा तिच्या सासऱ्याच्या जमिनीवर उभी. थोरल्या टेंभऱ्यांनी जागा दिली, गावानं नाल्याच्या काठी विटा भाजल्या, सागाचे खांब आणले, वर कवेलू चढवले. पुढं लांबलचक वऱ्हांडा, असा की पावसाची झड कितीही तिरपी आली तरी पोरांच्या पाट्या ओल्या होत नाहीत. आणि मागच्या अंगाला एक फाटक, मोडलेल्या खासराच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडाचं, बिनकुलपाचं. थोरले टेंभरे म्हणायचे, "पुढचं दार गावाचं, मागचं टोलीचं." फाटकातून पांदण निघते, धानाच्या बांध्यांतून खाली जाते. नाल्याच्या अलीकडं उजव्या हाताला टोली. नाला ओलांडला की गावाची शीव संपली. टोलीची पोरं पिढ्यान्‌पिढ्या याच पांदणीनं शाळेत आली. चिखलानं भरली, त्यांना इंगळ्या डसल्या, पण चाकाखाली कुणी आलं नाही.

सासरे गेल्यावर शाळेमागची जमीन भुवनेश्वरच्या वाट्याला आली. त्यानं तिथं लॉन काढलं. लॉन म्हणजे लग्नाचं मैदान. नाव दिलं राजवाडा. दर्शनी आठ खांब, खांबांवर सोनेरी सिंह, मध्ये फायबरचा घुमट. गोंदियावरून वास्तूवाला आणला. त्यानं होकायंत्र फिरवून सांगितलं, मागची बाजू पूर्ण बंद पाहिजे, फट राहिली तर लक्ष्मी निघून जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा ओस असताना मागून उंच गुलाबी भिंत उठली आणि पांदणीचं तोंड गिळून बसली. वर कहर म्हणजे शाळेचं ते फाटक त्यानं उखडून नेलं, सोनेरी रंगवलं आणि लॉनच्या कोपऱ्यात टांगलं. नवरानवरींनी त्याला टेकून फोटो काढायचे म्हणून.

शाळा सुरू झाली तेव्हा टोलीची पोरं लॉनच्या तारेखालून शिरून भिंतीपलीकडं येऊन उभी राहिली. थोडा वेळ वाट पाहिली. मग हायवेनं फिरून आली. आणि पुढं जे झालं ते झालं.

खुशीचं पाऊल नागपुरात कापलं. धनवंता भेटायला गेली तेव्हा पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मी आता शाळेत नाई येत," ती म्हणाली. "ट्रक येते."

"ट्रक कायले येईन? फाटकातून येशीन तू."

"फाटक नाई हाये न मावशी."

"राहीन," धनवंता म्हणाली. "तू कुबड्या शिक तोपर्यंत."

हे बोलून ती बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. शब्द तर गेला होता. आता फाटक आणायचं कुठून?

आधी विचारायचं, या नेमाप्रमाणे ती नगर पंचायतीच्या सभेत गेली. भुवनेश्वर तिथं खुर्चीत रेलून बसलेला.

"भौजी, हा विषय आजच्या सभेत नाई हाये," तो म्हणाला.

"पोट्टीचा पाय कोन्या सभेत होता, बाबू?"

"भौजी, भावना समजतो मी. पण काम कायदेशीर आहे, परमिशन आहे. पोरांसाठी हायवेवर गतिरोधकाचा प्रस्ताव टाकतो."

"गतिरोधक पोट्ट्याइले समजावशीन का ट्रकाइले?"

सभा हसली. भुवनेश्वर हसला नाही. त्यानं खूण केली आणि दोन शिपाई तिला बाहेर न्यायला आले. त्यांच्यातल्या एकाला कामठ्याची कानाची गोष्ट माहीत होती; तो एका हातानं तिला धरत होता आणि दुसऱ्यानं आपला कान झाकत होता.

दुसऱ्या दिवशी भुवनेश्वर स्वतः शाळेच्या स्वयंपाकखोलीत आला. खिचडीला उकळी होती. पोरं वऱ्हांड्यात ताटल्या घेऊन रांगेत.

"भौजी, घरची अब्रू चव्हाट्यावर नेऊन राहिली तू. उद्यापासून इथं दुसरी बाई येईल."

"येऊ दे. फाटकाचं सांग."

"फाटक-फाटक-फाटक," तो म्हणाला आणि त्यानं खिचडीच्या गंजाला लाथ मारली.

गंज कलंडला. उकळती खिचडी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरत दारापर्यंत गेली आणि रांगेतल्या पहिल्या पोराच्या पायाला चटका बसला. पोरगं किंचाळलं. धनवंतानं या वेळी विचारलं नाही. सराट्याची धार भुवनेश्वरच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत उतरली, आणि तो मागं हटताना त्याच खिचडीत बसला. पाठीमागून भाजलेला सभापती गाव पाहत राहिलं. तो तसाच उठला, गालावर हात दाबून म्हणाला, "मले माझ्या भावाची आण हाये. त्या भितीची एक वीट हलणार नाही."

गाल शिवावा लागला. घरची गोष्ट म्हणून तक्रार झाली नाही. दुसरी बाई काही आली नाही. सराटा पाहून कुणी तयारच होईना. पण भिंत उभीच, आणि पोरं हायवेनंच.

असा पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या इकडं नारबोद काढतात. पळसाच्या फांद्या, तणस, फाटकी सुपं, झिजलेले झाडू यांची एक बाई करायची आणि वर्षभराची रोगराई, इडापीडा तिच्या अंगावर घालून तिला शिवेपार नेऊन जाळायची. बेहडगावात नारबोद बांधायचा मान टेंभऱ्यांच्या थोरल्या सुनेचा आणि उचलायचा मान टेंभऱ्यांच्या पुरुषांचा. आणि तिची वाट ठरलेली: टेंभऱ्यांच्या दारातून शाळेच्या अंगानं पांदण, पांदणीतून नाला, नाल्यापार. दोन गोष्टी नारबोदीला चालत नाहीत. ती माघारी फिरत नाही. आणि शिवेच्या आत जिथं टेकवली, तिथलीच होऊन राहते.

भुवनेश्वरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं हायवेनं मिरवणूक न्यायचा बेत केला होता, डीजे लावला होता. निवडणूक तोंडावर, मान सोडून घरी बसणं परवडणारं नव्हतं. गालावरचा लाल व्रण घेऊन, पांढरा कुडता घालून, त्यानं पुढच्या बाजूनं नारबोदीच्या बासाला, म्हणजे बांबूला, खांदा दिला.

"या वर्षी जड काऊन आहे वो भौजी?" तो पुटपुटला. भांडण असो की काही असो, त्या दिवशी बोलावं लागतं.

"वर्षच जड गेलं, बाबू," ती म्हणाली.

या वर्षी नारबोदीचा कणा तिनं स्वतः बसवला होता. कुणाला हात लावू दिला नव्हता.

मिरवणूक निघाली. पुढं पोरं, मागं बाया, मध्ये नारबोद. "ढासा-मोंगसा घेऊन जा गे नारबोद. खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद." शाळेच्या कोपऱ्यावर डीजे हायवेकडं वळला. पण माणसांचे पाय डीजेचं ऐकत नाहीत. जन्मभर ज्या वळणावर डावीकडं वळले त्याच वळणावर डावीकडं वळले, आणि शेकडो माणसांच्या रेट्यात बास खांद्यावर असलेला भुवनेश्वरही वळला. ओरडत होता, "इकडं, अरे इकडं," पण पाठीमागची माणसं पुढं ढकलत राहिली, आणि नारबोद जाऊन गुलाबी भिंतीसमोर उभी ठाकली.

"मागं फिरवा," भुवनेश्वर म्हणाला.

"नारबोद मागं फिरवून राहिला का गा?" एक म्हातारी ओरडली. "आपल्या घरी ने मंग. माह्या दारावरून नोको."

कुणी हलेना. मागून धनवंताचा आवाज आला, नेहमीच्याच चालीत, "पोट्टीचा पाय खानारी भित घेऊन जा गे नारबोद." आधी टोलीच्या बाया ओरडल्या. मग गावच्या. मग सगळेच. ओरडत ओरडत रेटा वाढला आणि भुवनेश्वरचं तोंड आपल्याच भिंतीवर दाबलं गेलं. गालाचे टाके उसवले. पांढऱ्या कुडत्यावर रक्त. खांद्यावरचं ओझं दर घटकेला जड होत चाललेलं. तो डोकं फिरल्यासारखा किंचाळला, "मंग राहू द्या इथंच," आणि त्यानं खांदा काढून घेतला.

नारबोद भिंतीच्या पायाशी आदळली.

ओरडा बंद झाला. डीजेवाल्यानंसुद्धा आवाज कमी केला. बायांमधून भुवनेश्वरची बायको दुर्गेश्वरी पुढं आली. तिनं आधी नारबोदीकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग नवऱ्याकडं.

"काय केलं तुमी?" ती म्हणाली. "तुळशीच्या लग्नानंतर सोनिकाचा मांडव या भितीपलीकडं पडणार हाये. पोरीच्या मांडवाच्या दारात नारबोद टेकवली?"

"दुर्गे, अंधश्रद्धा आहे सगळी."

"वास्तूवाल्याले बोलावलं तेव्हा श्रद्धा होती न?" दुर्गेश्वरीनं त्याची कॉलर धरली आणि फाटलेल्या गालावरच थोबाडीत मारली. "उचला तिले. पुढं न्या."

"पुढं भित हाये."

"मंग पाडा."

पुढं नेता येते, मागं नाही. हा नेम सगळ्यांना माहीत. पण भावाची आण घेतलेला माणूस भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिला आणि लॉनवरच्या गड्यांना हाक मारली. ते मांडवाचे बास घेऊन धावत आले.

धनवंता वाकली. नारबोदीच्या मानेत हात घातला आणि कणा ओढला. बास नव्हता. सब्बल होती, लोखंडी पहार, बैलगोठ्यातली, पुरुषभर उंचीची.

तिचा पहिला घाव भुवनेश्वरच्या काखेखालून भिंतीत बसला. वर गुलाबी रंग, आत नुसती रेती. बांधकाम सभापतीच्या स्वतःच्या भिंतीत सिमेंट नुसतं दाखवायला होतं. दुसऱ्या घावाला वीट निघाली. भुवनेश्वरनं तिचा अंबाडा धरला आणि तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा, आणि परत. रंगावर रक्ताचा ठसा उमटला. गड्याचा बास एका म्हाताऱ्याच्या डोक्यात बसला, पळसाची फांदी गड्याच्या डोळ्यात गेली, आणि मग कोण कुणाला मारतो याला धरबंध राहिला नाही. चपला, विटा, नारबोदीचीच सुपं. कुणाचं मनगट मोडलं, कुणाची कवळी पायाखाली चुरली. ज्यांची पोरं खाजगी बसनं गोंदियाला शिकायला जातात तेसुद्धा हात धुऊन घेत होते.

"सोडते का नाई?" धनवंतानं विचारलं. रक्तानं डोळे भरले होते. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता.

भुवनेश्वर हसला नाही, पण त्यानं सोडलंही नाही. आणि तेव्हा बकाराम मेंढे, ज्यानं ट्रक ड्रायव्हरलासुद्धा हात लावला नव्हता, तो गर्दीतून वाकून आला आणि त्यानं डोक्यानं भुवनेश्वरच्या नाकावर धडक मारली. बैल मारतो तशी. नाक बसलं. अंबाडा सुटला. धनवंतानं सब्बल फिरवली, बोथट टोक त्याच्या उजव्या हातावर आलं आणि हाड मोडल्याचा आवाज डीजेच्या वरताण ऐकू आला.

मग बकाराम वळला आणि त्यानं भिंतीला खांदा लावला. दुर्गेश्वरी त्याच्या शेजारी. टोलीच्या बाया. भिंत हलली, थांबली, आणि खासर जाईल एवढा तिचा तुकडा आत कोसळला. धक्क्यानं खांबावरचा एक सोनेरी सिंह सुटला. त्याचं मुंडकं घरंगळत येऊन डीजेच्या गाडीखाली अडकलं.

नारबोद फरपटत पुढं गेली. हिरव्या गालिच्यावरून, सिंहासनाच्या खुर्च्यांपुढून, पलीकडची तार वाकवून नाल्यापार. तिला आग लागली तेव्हा दुर्गेश्वरीनं दोन्ही हातांनी कडकडा बोटं मोडली. परत येताना टोलीच्या बायांनी कोपऱ्यातलं सोनेरी फाटक खिळ्यांसकट उपटून आणलं आणि शाळेच्या मागच्या उघड्या जागेला उभं टेकवलं.

पोलीस त्यानंतर आले, जसे येतात.

धनवंताच्या कपाळाला सडक अर्जुनीच्या सरकारी दवाखान्यात टाके पडले. दुपारी ठाण्यात ती बाकावर बसली, समोरच्या बाकावर भुवनेश्वर, हात गळ्यात, नाकात कापूस. टेबलावर सब्बल, चिठ्ठी लावून. सराटा मात्र कुणी जप्त केला नव्हता. शाळेत दुपारची खिचडी कुणीतरी ढवळत होतं. सोनिकाचं लग्न आता गोंदियाला करायचं असं दुर्गेश्वरीनं ठाण्याच्या दारात उभं राहूनच नवऱ्याला सांगितलं आणि ती निघून गेली.

ठाणेदार समजूतदार माणूस. त्यानं दोघांना चहा पाजला. बाहेर व्हरांड्यात बकाराम बसला होता, आणि त्याच्या शेजारी खुशी. काखेत दोन नव्या कुबड्या, त्यांच्या टोकाचं रबर अजून पांढरं. मावशीला पोलिसांनी नेलं म्हणून हट्ट करून आली होती.

"देखो बाई," ठाणेदार म्हणाला, "घरका मामला आहे. वाढवू नका. तुम्ही माफी लिहून द्या, हे केस मागं घेतील. भिंत हे पुन्हा बांधतील, पण तुमच्या हट्टाखातर फाटक ठेवायला तयार झालेत. फाटकाला कुलूप राहील, चावी यांच्याकडं. शाळेच्या वेळेला मागून घ्यायची. अब बोलो, कबूल?"

धनवंतानं कपाळावरच्या पट्टीवरून हात फिरवला. दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाली, "माफी घ्या लिहून साहेब, सही येते मले. भावाइतक्या देराचा हात मोडला, माफी तं लागतेच. पन चावीचं सांगा. ते पोट्टी पाहा बाहेर, तिचे दोनी हात कुबड्याइले लागतेत. कुलूप ती कोन्या हातानं उघडंल? फाटक ठेवा, कुलूप नोको. अन् लावलंच, तं सब्बल तुमच्यापाशी हाये, सराटा शाळेतच हाये."